पेटंट औषध आणि टपालखात्याची पिशवी

‘हे त्याचं पेटंट उत्तर,’ असं आपण सहज म्हणून जातो. म्हणजे ठरलेलं, हमखास, दरवेळी तेच. कायद्यातल्या पेटंटशी या अर्थाचं काही नातं नाही. माझा अंदाज असा की हा अर्थ मराठीत औषधाच्या बाटलीवरून आला. शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी ‘पेटंट औषध’ म्हणजे तयार बाटलीतलं, ठरलेल्या नावाचं आणि दुखणं कोणतंही असो, तेच चालणारं औषध. गंमत अशी की यातल्या बहुतेक औषधांवर पेटंट नव्हतंच.

पेटंट हा एक सौदा असतो. शोध लावणाऱ्याने आपली कृती सरकारकडे सविस्तर लिहून द्यायची, ती लोकांना वाचायला खुली ठेवायची, आणि त्या बदल्यात ठरावीक वर्षं ती वस्तू करण्याचा आणि विकण्याचा मक्ता घ्यायचा. हिंदुस्थानात असा पहिला कायदा १८५६ साली झाला. मक्त्याची मुदत चौदा वर्षांची होती. (हा कायदा करताना इंग्लंडच्या राणीची संमती घ्यायची राहून गेली, म्हणून तो रद्द करून १८५९ मध्ये पुन्हा करावा लागला. सरकारी घोळ तेव्हाही होते.)

आता जरा औषधवाल्याच्या जागी बसून पाहा. कृती उघड केली की बाटलीत काय आहे ते सगळ्यांना कळणार, आणि चौदा वर्षांनी कोणीही ती बाटली भरणार. त्यापेक्षा झाकली मूठ सव्वा लाखाची. म्हणून त्याने पेटंटच्या वाटेला न जाता कृती गुप्त ठेवली आणि नाव तेवढं गाजवलं. फार पूर्वी इंग्लंडात काही औषधवाल्यांना राजाकडून ‘लेटर्स पेटंट’ नावाची सनद मिळाली होती. पुढे सनदा गेल्या, पण शब्द चिकटून राहिला.

मूठ उघडली तर आत काय निघतं, याचा एक हिशेब उपलब्ध आहे. ‘बीचम्स पिल्स’ या इंग्लंडच्या सेंट हेलेन्स गावातल्या रेचक गोळ्या. ‘एका डबीचं मोल एक गिनी’ (म्हणजे एकवीस शिलिंग) ही त्यांची जाहिरात. १९०९ साली ब्रिटिश मेडिकल असोसिएशनने अशी गुप्त औषधं प्रयोगशाळेत तपासून निष्कर्ष छापले. बीचमच्या गोळीत कोरफडीपासून केलेला काळा बोळ, सुंठ आणि साबण निघाला. छप्पन्न गोळ्यांची डबी विकली जाई एक शिलिंग दीड पेनीला, आणि आतल्या मालाची किंमत होती सुमारे अर्धा फार्दिंग. शिलिंग म्हणजे बारा पेनी, फार्दिंग म्हणजे पेनीचा चौथा हिस्सा, तेव्हा आकडेमोड केली तर विक्रीची किंमत मालाच्या किमतीच्या शंभरपटीहून जास्त भरते. गोळ्या कुचकामी नव्हत्या, बोळाने पोट साफ होतंच. पण मधले पैसे गेले कुठे? मुख्यतः जाहिरातीत, वाहतुकीत आणि मालकाच्या खिशात.

इंग्लंडात ती डबी कोपऱ्यावरच्या दुकानात मिळे. आपल्याकडे कोपऱ्यावर दुकान कुठलं? बहुसंख्य लोक खेड्यात, आणि शिकलेला डॉक्टर जिल्ह्याच्या गावी. तरीही मुंबई, कलकत्ता, लाहोर, मथुरा इथली औषधं खेड्यापाड्यांत पोचत होती. ती पोचवली टपालखात्याने. औषधांच्या या कहाणीत मला सगळ्यांत रंजक भाग हाच वाटतो.

१८५४ साली टपालाचे दर एकसारखे झाले. अंतर कितीही असो, हलक्या पत्राला अर्धा आणा. १८७९ मध्ये पोस्टकार्ड आलं, किंमत पाव आणा, म्हणजे एक पैसा. १८८० पासून टपालखातं मनीऑर्डरी करू लागलं. आणि या दोन्हींच्या आधी, १८७७ साली, सुरू झाली ‘व्हॅल्यू पेएबल’ पद्धत. आपल्या आजोबा-पणजोबांची ‘व्ही.पी.’ ती हीच.

व्ही.पी.चा व्यवहार नीट समजून घ्यायला हवा, कारण पुढची सगळी चलाखी त्याच्या एका फटीतून घडते. समजा, १९०५ साल आहे आणि सिन्नरजवळच्या खेड्यातल्या एका माणसाने चावडीवर कोणीतरी वाचून दाखवलेल्या वर्तमानपत्रात ताकदीच्या गोळ्यांची जाहिरात ऐकली. तो एका पैशाचं कार्ड टाकतो. त्याने पैसे पाठवलेले नाहीत, आणि मुंबईचा विक्रेता त्याला ओळखतही नाही. विक्रेता पुडकं बांधून टपालकचेरीत देतो आणि फॉर्मवर वसूल करायची रक्कम लिहितो. पुडकं आगगाडीने, मग टांग्याने, मग टपालवाल्याच्या पाठीवरून गावात येतं. टपालवाला म्हणतो, ‘एक रुपया इतके आणे द्या, मग पुडकं देतो.’ माणूस पैसे मोजतो. तेच पैसे मनीऑर्डरने विक्रेत्याला पोचतात. पैसे दिले नाहीत, तर पुडकं काही दिवस टपालकचेरीत पडून राहतं आणि आल्या वाटेने परत जातं. मराठीत याला ‘व्ही.पी. सोडवणे’ म्हणत. गहाण पडलेलं सोडवावं, तसं.

एकमेकांचं तोंडही न पाहिलेल्या दोन माणसांत उधारीविना व्यवहार होऊ लागला ही साधी गोष्ट नव्हे. त्याआधी परगावचा माल मागवायचा तर कोणाची तरी ओळख लागे, नाहीतर एखादा आडत्या मध्ये असावा लागे. आता ओळखीची जागा टपालखात्याने घेतली. विक्रेत्याला खात्री मिळाली की पैसे घेतल्याशिवाय माल हातचा जाणार नाही, आणि गिऱ्हाइकाला खात्री मिळाली की माल दारात आल्याशिवाय पैसे जाणार नाहीत.

पण माल आला म्हणजे काय आलं? पुडकं आलं, एवढंच. पैसे भरण्याआधी ते फोडून पाहता येत नसे. पुडक्यात गोळ्या आहेत की खडे, याची जबाबदारी टपालखात्यावर नव्हती आणि ते स्वाभाविकही होतं. टपालखात्याने हमी दिली पुडक्याची, लोकांनी ती धरली औषधाची. सरकारी पट्टा घातलेला माणूस सरकारी पावती देऊन पैसे नेतो, तर आतला माल अगदीच खोटा कसा असेल, असं एखाद्याला वाटलं तर त्याला भोळा म्हणवत नाही.

फसवणुकीचा दुसरा प्रकार आणखी सोपा. मागवलं नसतानाच पुडकं पाठवून द्यायचं. घरधनी बाहेरगावी असला तर त्यानेच मागवलं असेल म्हणून घरचे पैसे भरून मोकळे. हे इतकं माहितीचं होतं की १८९८ च्या टपाल कायद्यात त्याची सोय करावी लागली. ‘ही वस्तू खऱ्या मागणीवरून पाठवत आहे’ असं पाठवणाऱ्याकडून लिहून घेण्याचे नियम करता येतील, आणि फसवणूक असेल तर वसूल केलेली रक्कम अडवून गिऱ्हाइकाला परत देण्याचेही नियम करता येतील, अशी कलमं त्यात होती. विक्रेत्यांचं रडगाणं उलटं होतं. लोक हौसेने कार्ड टाकत आणि पुडकं आल्यावर हात वर करत. टपालखर्च अंगावर पडे, म्हणून ‘व्ही.पी. परत करून नुकसान करू नये’ अशी विनवणी छापावी लागे.

टपालाने औषध मागवण्याचं आणखी एक कारण होतं, त्याबद्दल उघड बोललं जात नसे. जुनी मासिकं आणि वर्तमानपत्रं चाळताना मी लेखांच्या आधी जाहिराती वाचतो (वाईट खोड आहे), आणि एका ठरावीक दुखण्याच्या जाहिराती तिथे पदोपदी भेटतात. धातुदौर्बल्य, स्वप्नावस्था, नामर्दपणा, ‘तरुणपणातील चुकांचे परिणाम’. बायकांसाठी प्रदर, वंध्यत्व, अडलेली पाळी. गावच्या वैद्याला हे सांगायचं तर तो चुलत्याच्या ओळखीचा. टपालवाल्याला मात्र पुडक्यात काय आहे ते माहीत नाही. ‘पत्रव्यवहार गुप्त ठेवला जाईल’ ही ओळ म्हणजे अर्धी विक्री होती. यातल्या अनेक ‘रोगां’ची भीतीही जाहिरातीनेच घातलेली. आधी फुकट पुस्तक पाठवायचं, त्यात लक्षणांची यादी द्यायची, आणि यादी अशी की कोणत्याही धडधाकट तरुणाला त्यातली चार तरी आपल्यात दिसावीत: आळस येतो, लक्ष लागत नाही, कंबर दुखते, एकटं बसावंसं वाटतं.

जाहिरातींची भाषा हा वेगळा ऐवज आहे. ‘अक्सीर’, ‘रामबाण’, ‘जादूसारखा गुण’, ‘हजारो प्रशस्तिपत्रे’, ‘एक वेळ अनुभव घ्या’, ‘नकली मालापासून सावध’, ‘ट. ख. (टपालखर्च) निराळा’. आणि मला सर्वांत हुशार वाटणारी ओळ: ‘पथ्याची जरुरी नाही.’ वैद्याकडे गेलं की तेल-तिखट-आंबट बंद होणार हे प्रत्येक मराठी माणसाला ठाऊक होतं. ही बाटली म्हणते, खुशाल खा. काही जण औषधाच्या डझनभर डब्यांबरोबर घड्याळ फुकट देत. खरजेचं मलम घेणाऱ्याला वेळ पाहण्याची गरज का पडावी, असं विचारू नये.

नोंदणी झालेल्या डॉक्टराला अशी जाहिरात करता येत नव्हती, ते त्याच्या व्यवसायाच्या नीतीत बसत नसे. मुंबई इलाख्यात डॉक्टरांच्या नोंदणीचा कायदा १९१२ साली आला. परिणाम विचित्र झाला. जे शिकले ते गप्प, आणि वर्तमानपत्राचं पान बाकीच्यांना मोकळं. वर्तमानपत्रांची तक्रार नव्हतीच. वर्गणीदार वर्गणी थकवत, औषधवाला जाहिरातीचे पैसे देई.

या औषधांनी लोकांना गुण येत होता का? प्रशस्तिपत्रं सगळी खोटी होती असं मला वाटत नाही. सुंठीवाचून खोकला जातो, ही म्हण आपल्याकडे उगाच नाही. सर्दी, जुलाब, अंगदुखी, पुष्कळसे ताप आपोआप उतरतात. माणूस औषध मागवतो ते दुखणं टिपेला पोचल्यावर. टिपेनंतर उतारच असतो. पुडकं यायला आठ दिवस लागतात, तेवढ्यात शरीराने आपलं काम केलेलं असतं, आणि श्रेय बाटलीला जातं. ज्याला गुण आला तो पत्र लिहितो. ज्याला आला नाही तो गप्प बसतो, आणि जो गेला तो तर लिहूच शकत नाही.

काही बाटल्यांत मात्र खरंखुरं औषध होतं, कधी नको इतकं. ‘क्लोरोडाइन’ घ्या. जॉन कोलिस ब्राउन हा हिंदुस्थानातल्या ब्रिटिश फौजेचा डॉक्टर. १८४८ च्या सुमारास पटकीवर, म्हणजे कॉलऱ्यावर, उपाय म्हणून त्याने हे मिश्रण केलं, आणि १८५६ पासून लंडनच्या डेव्हनपोर्ट या औषधविक्रेत्याने ते बाजारात आणलं. त्यात होती अफू, भांगेचा अर्क आणि क्लोरोफॉर्म. अफूने आतड्यांची हालचाल मंदावते, म्हणून जुलाब थांबत. वेदना थांबत, झोप लागे. गुण दिसे यात शंका नाही, पण पटकी बरी होत नसे, आणि बाटलीची सवय लागे ती वेगळीच. हिंदुस्थानातल्या गोऱ्या कुटुंबांत ही बाटली घरोघरी असे. दुसरीकडे ‘डॉ. विल्यम्स पिंक पिल्स’. कॅनडातल्या जॉर्ज फुलफर्ड नावाच्या गृहस्थाने १८९० साली त्यांचे हक्क जेमतेम ५३ डॉलरना घेतले आणि जगभर विकून अफाट पैसा केला. गोळीत लोह होतं. रक्त कमी असलेल्या बाईला लोहाने खरोखर बरं वाटतं. पण जाहिरात तिथे थांबत नव्हती. अर्धांगवायूपर्यंत सगळं त्याच गोळीने बरं व्हायचं.

विलायती बाटल्यांना पाहून देशी बाटल्या आल्या, आणि त्यातल्या पुष्कळ टिकल्या. पनवेलचं धूतपापेश्वर १८७२ चं. कलकत्त्याचे डॉ. एस. के. बर्मन १८८४ पासून औषधं करू लागले. ‘डाक्टर’मधला ‘डा’ आणि ‘बर्मन’मधला ‘बर’ जोडून ‘डाबर’ झालं. अमृतांजन मूळचं मुंबईचं, १८९३ चं, पण काढणारे तेलुगू: काशीनाथुनी नागेश्वर राव. गाण्याच्या बैठकींत ते मलम फुकट वाटत. त्याच मिळकतीवर त्यांनी १९०८ साली मुंबईतच ‘आंध्र पत्रिका’ हे तेलुगू साप्ताहिक सुरू केलं, आणि १९१४ मध्ये सगळा पसारा मद्रासला नेला. म्हणजे इथे वर्तमानपत्रच डोकेदुखीच्या मलमावर उभं राहिलं.

लाहोरची ‘अमृतधारा’ ही टपालाने जाणाऱ्या औषधांची राणी म्हणावी लागेल. पंडित ठाकूर दत्त शर्मा यांनी ती १९०१ साली काढली. आज घरी अमृतधारा करतात ती अशी: कापूर, पुदिन्याची फुलं आणि ओव्याची फुलं एका बाटलीत घालायची. तिन्ही कोरडे स्फटिक, पाण्याचा थेंब नाही, तरी थोड्या वेळात बाटलीत पातळ तेलासारखं द्रव तयार होतं. यात जादू नाही. काही पदार्थ एकत्र आले की मिश्रणाचा वितळण्याचा बिंदू प्रत्येकाच्या स्वतंत्र बिंदूपेक्षा खाली येतो, इतका की ते खोलीच्या उष्णतेतच वितळतात. पण शंभर वर्षांपूर्वी हे पाहणाऱ्याला काय वाटलं असेल! पुदिन्याच्या फुलांनी कातडीला गार वाटतं, ओव्याची फुलं जंतुनाशक, कापराच्या वासाने नाक मोकळं झाल्यासारखं होतं. पोटदुखी, डोकेदुखी, विंचू, दाढ, सगळीकडे काही ना काही जाणवतंच.

पेटंट नाही, कृती सोपी, मग धंदा राखायचा कसा? नावाने. पण व्यापारचिन्हांची सरकारी नोंदणी १९४० च्या कायद्यापर्यंत हिंदुस्थानात नव्हतीच. मग वेष्टनावरचं ते ठसठशीत ‘रजिस्टर्ड’ काय होतं? पुष्कळदा एवढंच की मालकाने ‘हे चिन्ह माझं आहे’ असं स्वतःच लिहून तो कागद दस्तनोंदणीच्या कचेरीत नोंदवला होता, जमिनीच्या खरेदीखतासारखा. सरकारने औषध तपासलंय असा त्याचा अर्थ मुळीच नव्हता. वाचणाऱ्याचा तसा समज झाला तर मालकाची हरकत नसे. नक्कल करणाऱ्याला अडवण्यासाठी मग मालकाचा फोटो, सही, कोर्टकचेऱ्या.

अमृतधारेचं एक प्रकरण तर स्वातंत्र्यानंतर सर्वोच्च न्यायालयात गेलं. कानपूरच्या एका औषधवाल्याने ‘लक्ष्मणधारा’ काढली होती, १९२३ पासून. एक अमृताची धार, दुसरी लक्ष्मणाची, अर्थ वेगळे. न्यायालयाने १९६२ साली म्हटलं की गिऱ्हाईक नावांची फोड करत बसत नाही. ते सर्वसाधारण बुद्धीचं असतं, त्याला नाव अर्धवट आठवतं, आणि अशा माणसाचा या दोन नावांत घोटाळा होईल. तरीही अमृतधारावाले इतकी वर्षं पाहत गप्प बसले, म्हणून लक्ष्मणधारेला उत्तर प्रदेशापुरती नोंदणी मिळाली.

या सगळ्या काळात टपालखात्याच्या त्याच खिडकीत एक वेगळंच औषध मिळत होतं. १८९२ पासून बंगालमध्ये आणि पुढे इतर प्रांतांतही सरकारने टपालकचेऱ्यांतून क्विनाइनच्या पुड्या विकायला काढल्या. दार्जिलिंगजवळ मंगपू इथे सिंकोनाच्या सालीपासून ते तयार होई. पुडी एका पैशाला. हिवतापावर त्या काळी दुसरं खात्रीचं औषध नव्हतं, आणि हिवतापाने मरणाऱ्यांची संख्या प्रचंड होती. रुपयाला चौसष्ट पैसे. तापावरची एक रुपयाची बाटली व्ही.पी.ने सोडवणाऱ्याला त्याच पैशांत चौसष्ट पुड्या आल्या असत्या. पण पुडी कडूजहर, कान गुणगुणत, आणि तिच्यावर ना कोणा राजवैद्याचा फोटो, ना कोणा सुभेदाराचं प्रशस्तिपत्र. शिवाय क्विनाइन फक्त हिवतापावर चाले, हे सरकार प्रामाणिकपणे सांगे.

पुढे क्विनाइनमध्येही भेसळ होऊ लागली आणि ओरड वाढली. १९२७ साली कौन्सिल ऑफ स्टेटमध्ये, म्हणजे तेव्हाच्या केंद्रीय विधिमंडळाच्या वरिष्ठ सभागृहात, पुण्याचे सर हारून जाफर यांनी औषधांवर नियंत्रण आणण्याचा ठराव मांडला. मग १९३० साली कर्नल रामनाथ चोप्रा यांच्या अध्यक्षतेखाली चौकशी समिती नेमली गेली, तिचा अहवाल १९३१ मध्ये आला आणि कायदा झाला १९४० साली. बाटलीवर खरी घटकद्रव्यं लिहा, हा मुद्दा त्यात आला. मूठ उघडायला लावणारं कलम. पण आयुर्वेदिक आणि युनानी औषधं या कायद्याच्या बाहेर राहिली, ती आत आली १९६४ च्या दुरुस्तीने. ठरावीक रोगांवरच्या औषधांच्या जाहिरातींना बंदी घालणारा कायदा १९५४ चा. त्याच्या नावातच ‘चमत्कारी उपाय’ आहेत, आणि त्यात मंत्र, ताईत, कवचही येतात.

या कायद्याला दिल्लीच्या हमदर्द दवाखान्याने आणि इतर काहींनी आव्हान दिलं. जाहिरात हेही भाषणस्वातंत्र्यच, असा त्यांचा युक्तिवाद. डिसेंबर १९५९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो मानला नाही. पण सरकारला मनाला येईल तो रोग नियमाने यादीत घालण्याची दिलेली मुभा जरा जास्तच सैल आहे, असं म्हणून तेवढा भाग आणि जप्तीच्या अधिकाराचा काही भाग रद्द केला. मग १९६३ मध्ये कायद्याला जोडलेली रोगांची यादी नव्याने करण्यात आली. पन्नासहून अधिक नोंदी आहेत, इंग्रजी वर्णानुक्रमे. त्यामुळे देवीचा रोग, माणसाची उंची आणि स्त्रियांचं वंध्यत्व तिथे एकाखाली एक आलेत. जुन्या जाहिरातींच्या पानावरही ते असेच शेजारी शेजारी असत, आणि खाली तिघांनाही एकच पत्ता.